मालक येतोय

भाच्याला मी चारचौघांत हसलो, त्याला आता पाच वर्षं होतील. दसऱ्याच्या आधीची गोष्ट. तो अस्तगावहून मुद्दाम माझ्या दुकानात आला होता. राहात्यात माझं ठिबकचं दुकान आहे. मोबाइलवर त्यानं एका गाडीचा फोटो काढून ठेवला होता. हिरोची एक्सपल्स. २०१९ मध्ये ती बाजारात आली तेव्हापासून त्याच्या डोक्यात बसली होती. म्हणाला, "मामा, मातीत चालवायला शिकायचंय. पहिलीच आहे, हलकी बरी." दुकानात तेव्हा चार गिऱ्हाइकं उभी होती. मी फोटो बघितला. उंच मडगार्ड, बारीक टायर, सडपातळ टाकी. म्हणालो, "एवढे पैसे घालून सायकलच घ्यायची, तर सरळ सायकलच घे की!" सगळे हसले. तोही हसला, कारण मामाच्या विनोदाला हसावं लागतं.

मग त्यानं माझ्या सल्ल्यानं मोठी गाडी घेतली. हप्त्यावर. वस्तीच्या रस्त्यावर दोनदा पाडली, आठ-नऊ महिन्यांत विकली. आलेल्या पैशात कर्जही पुरतं फिटलं नाही. उरलेलं त्यानं दुधाच्या पगारातून फेडलं. तेव्हा मी बहिणीला काय म्हणालो होतो, ते आज लिहितानाही अवघड वाटतं. म्हणालो होतो, "पोरात दमच नाही."

हे सगळं आधी सांगतोय, कारण पुढचं वाचताना माझ्याबद्दल उगाच कणव वाटू नये.

वजनाचं वेड आमच्या भागात जुनं आहे. एखाद्या माणसाचं तालुक्यात वजन आहे असं आपण म्हणतो, तेव्हा काट्यावरचे किलो मनात नसतात. पण गाडीच्या बाबतीत मी ते शब्दशः धरलं. लहानपणी गल्लीत दोन गाड्या होत्या. एकाची बुलेट, दुसऱ्याची आरएक्स १००. आरएक्स कुठल्याही वाटेनं जायची. ती जेमतेम ९८ सीसीची, वजनाला शंभर किलोच्या आसपास. चारीच्या भरावावर चढायची, ओढ्यातून निघायची. १९९६ मध्ये ती बनायची थांबली, तरी लोक आजही तिची आठवण काढतात. बुलेट मात्र बहुतेक वेळ ओट्यासमोर उभी असायची. आणि तरी मला बुलेटवाल्यासारखं व्हायचं होतं. आरएक्सवाला कामाचा माणूस होता, बुलेटवाला मोठा माणूस होता. दहा वर्षांच्या पोराला एवढा फरक पुरतो. माझं दुखणं हे की तो चाळिशीतही पुरला.

चाळिशी उलटल्यावर मला मातीत गाडी चालवायची हुक्की आली. २०२४ च्या जानेवारीत पुण्यात बालेवाडीला सुपरक्रॉस लीगची पहिली शर्यत झाली, तिचे व्हिडिओ पाहिले. त्याच महिन्यात केरळचा हरित नोहा डाकार रॅलीत आपल्या गटात पहिला आला. मग सी. एस. संतोषचं जुनं वाचून काढलं. २०१५ मध्ये डाकार पूर्ण करणारा तो पहिला भारतीय. हे सगळं वाचलं, पण त्यातली एक गोष्ट मी वाचूनही वाचली नाही. २०११ पासून डाकारमध्ये ४५० सीसीच्या वरची मोटारसायकल चालतच नाही. वाळवंटातून हजारो किलोमीटर जाणाऱ्या जगातल्या पट्टीच्या चालकांची हद्द तिथं संपते. आणि तिकडच्या देशांत मोटोक्रॉस शिकणारी पोरं ५० सीसीवर बसतात, मग ६५, मग ८५. वय आणि हात वाढेल तशी गाडी वाढते. मी एकेचाळिसाव्या वर्षी, मातीत एकही दिवस न घालवता, थेट चारशेच्या वरची गाडी घेतली. दोनशे किलोला थोडीच कमी. उंची माझी पाच फूट पाच इंच.

कंपनीचं नाव सांगत नाही, कारण गाडीत काही खोट नव्हती. चालवणारा तिच्या लायकीचा नव्हता.

पाडव्याला ती दारात आली. सात-आठ महिने मी तिला राहात्यातून शिर्डीला आणि शिर्डीतून राहात्याला नेली. माती म्हणजे पेट्रोल पंपाच्या कडेला असते तेवढीच. टपरीसमोर लावायची, किल्ली बोटात फिरवायची, कुणी "केवढ्याला पडली?" विचारलं की आकडा जरा वाढवून सांगायचा.

डिसेंबरच्या शेवटी एका सकाळी वाटलं, आता खरोखर मातीत घालावी. गोदावरीच्या उजव्या कालव्याला आवर्तन सुटलं होतं. एका चारीच्या कडेनं उसातून जाणारा रस्ता आहे, तिकडे वळलो. चारी कुठंतरी पाझरत होती. काळी माती वरून सुकल्यासारखी दिसते आणि खाली लोणी असते. हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. याच मातीत वाढलोय. पुढचं चाक रुतायला लागलं तसा मी घाबरून थांबलो. थांबल्यावर डावा पाय टेकवला. पाय सरकला. गाडी सावकाश, अगदी विचार करून पडावी तशी, डावीकडे आडवी झाली आणि माझा पाय गुडघ्यापर्यंत तिच्याखाली गेला.

वेग शून्य. लागलं काही नाही. गार्डनं बराच भार पेलला, बाकीचा मातीनं घेतला. सायलेन्सर उजवीकडे होता म्हणून भाजलो नाही. इंजिन आपोआप बंद पडलं. आणि मग एवढी शांतता झाली की उसाची पात एकमेकीला घासते ते ऐकू यायला लागलं.

दोन्ही हातांनी रेटून पाहिलं. हलली नाही. पुन्हा रेटलं. मातीत पडलेलं चाक माती सोडत नाही, उलट धरून बसतं. फोन शर्टाच्या खिशात होता, धडधाकट, रेंजही होती. हे नीट लक्षात घ्या. माझ्या फोनमध्ये हजारावर नंबर आहेत. त्यातले निदान पन्नास जण तरी दहा मिनिटांत तिथं आले असते. मी यादी उघडली आणि एकेक नाव वर सरकवत गेलो. हा आला तर फोटो काढेल. हा आला तर संध्याकाळी टपरीवर सांगेल. हा काहीच बोलणार नाही, पण त्याच्या बायकोला कळेल. बायकोचं नाव आलं, तेही वर गेलं. भाच्याचं नाव आलं. तिथं अंगठा थांबला. अस्तगाव जवळ, तो नक्की आला असता, एक शब्द न बोलता गाडी उचलली असती. नेमका त्यामुळेच लावता आला नाही. फोन खिशात ठेवला आणि चिखलात पाठ टेकून आकाशाकडे बघत राहिलो. पंचवीस मिनिटं. गाडीखाली अडकल्यापेक्षा अडकलेला दिसण्याची मला जास्त भीती वाटत होती, हे त्या पंचवीस मिनिटांत मी मुकाट मान्य केलं. करायला दुसरं कामच नव्हतं.

मग शेळ्यांचा आवाज आला. मागोमाग एक म्हातारी. सत्तरीची असेल, हातात खुरपं. ती आधी माझ्याकडे आली नाही. गाडीभोवती एक चक्कर मारली, आरशाकडे बघितलं, टाकीवरून नजर फिरवली. मग माझ्याकडे बघून म्हणाली,

"कोणाची रे गाडी?"

मी गप्प.

"मालक कुठं गेला?"

आणि मी म्हणालो, "येतोय."

तो शब्द माझ्या तोंडून कसा आला, हे मी नंतर कितीदा तरी स्वतःला विचारलंय. तिनं टोमणा मारला नव्हता. तिला खरंच तसं वाटलं होतं. एवढी मोठी गाडी आणि तिच्याखाली हा माणूस, म्हणजे हा मालक नसणार, कुणी सोबतचा असेल, मालक मदत आणायला गेला असेल. तिचा हिशेब साधा होता आणि मला तो क्षणभरही खोडावासा वाटला नाही. आठ महिने मी ज्या एका गोष्टीसाठी ती गाडी दारात लावली होती, ती म्हणजे लोकांनी म्हणावं, ही याची आहे. आणि पहिल्यांदा कुणी विचारलं तेव्हा मी नाही म्हणालो. नाही म्हणताना मला हलकं वाटलं. लाज त्याचीच वाटते. खोटं बोलल्याची तितकीशी वाटत नाही.

ती बसली, खुरपं माझ्या हातात दिलं. "गाडीला हात लावू नको. पायाखालची माती काढ." मी काढली. पाच मिनिटांत पाय मोकळा झाला, बूट आतच राहिला. तो तिनं बोटानं उपसून दिला. "मालकाला म्हणावं, उसात असली गाडी घालत नसतेत," एवढं बोलून ती शेळ्यांमागे निघून गेली. निरोप पोचला.

पुढं उसाचा ट्रॅक्टर आला, दोघा गड्यांनी गाडी उभी केली. घरी बायकोला सांगितलं, कुत्रं आडवं आलं. तालुक्यातल्या एका निरपराध कुत्र्यावर तो आळ अजून आहे. बायकोला खरी गोष्ट हे वाचूनच कळेल.

दहा-बारा दिवसांनी अस्तगावला गेलो. माफी कशी मागावी याची तयारी करून गेलो होतो, पण ती तयारी गोठ्यापाशीच गळाली. भाचा धार काढत होता. म्हणालो, "तेव्हा तुला हसलो ते चुकलं." तो म्हणाला, "मामा, चहा घ्या." त्यानं माफ केलं की विषय टाळला, मला अजून माहीत नाही. विचारायचं धाडस नाही.

चहानंतर त्यानं गोठ्यामागे नेलं. तिथं एक जुनी इम्पल्स उभी होती. हिरोनं २०११ मध्ये काढलेली दीडशे सीसीची गाडी, आता बनत नाही. त्यानं ती कुणाकडून तरी पडून असलेली घेतली होती आणि दोन वर्षं शेताच्या वाटेनं चालवत होता. मला पत्ता नव्हता, कारण त्यानं मला सांगितलं नव्हतं. का सांगेल? सोयाबीन निघालेल्या रानात त्यानं ती नेली, गिअरमध्ये ठेवली, साइड स्टँड काढलं आणि मुद्दाम उजवीकडे आडवी केली. "उचला." मी वाकून हँडल धरलं. "तसं नाही. पाठ करा." सीटला पाठ लावायची, एका हातात हँडल, दुसऱ्या हातात मागचा दांडा, गुडघे वाकवून मागं मागं चालायचं. उचलणारे पाय असतात, कंबर नाही. तिसऱ्या खेपेला गाडी उभी राहिली. मग म्हणाला, "आता दहा वेळा." सहाव्या वेळी माझे पाय थरथरायला लागले. गाडी दीडशे किलोच्या आत होती. माझ्या दारातली गाडी मी एकदाही उचलू शकलो नसतो, आणि विकत घेण्याआधी मी एकदाही आडवी करून पाहिली नव्हती. शिकणारा माणूस मातीत पडतोच, सकाळभरात पाच-सहा वेळा पडतो. पाचव्या वेळेलाही एकट्यानं उचलता येईल अशीच पहिली गाडी हवी. शोरूममध्ये मी टॉर्क विचारला होता, पॉवर विचारली होती, हा प्रश्न सुचला नव्हता.

खास मातीतल्या, छोट्या आणि हलक्या गाड्या विकत मिळतात. कावासाकीच्या केएलएक्स ११० सारख्या. पण त्यांना नंबर मिळत नाही, त्या रस्त्यावर आणता येत नाहीत. राहात्यातून रानापर्यंत दर वेळी टेम्पोत घालून कोण नेणार? म्हणजे नंबरवालीच हवी, आणि क्लचची वायर, लिव्हर, आरसा हे तालुक्यातच मिळायला हवं, कारण आधी तेच मोडतं. शोध फिरून फिरून त्याच गाडीवर आला जिला मी सायकल म्हणालो होतो. पुढचं चाक २१ इंची, मागचं १८, पोटाखाली २२० मिलिमीटर जागा, वजन एकशे साठ किलोच्या आत. आणि ते उंच मडगार्ड, ज्याला मी हसलो होतो, ते आमच्या मातीसाठीच असावं तसं आहे. खाली चिकटलेलं मडगार्ड काळ्या मातीत दोनशे फुटांत जाम होतं आणि चाक फिरायचं थांबतं. आमच्याकडं पावसाळ्यात पुढचं मडगार्डच खोलून ठेवणारे लोक आहेत. मी त्यांना रोज बघत होतो.

गेल्या उन्हाळ्यात जुनी एक्सपल्स घेतली. तिचं कौतुकच करायचं असं नाही. नगर-मनमाड रस्त्यावर ट्रकला मागं टाकायचं म्हटलं की दोनशे सीसीचा जीव कमी पडतो, आणि सीट उंच असल्यानं मला एका बाजूला सरकून एकच पाय टेकवावा लागतो. पण पडलो की उचलतो. आतापर्यंत चौदा वेळा. रविवारी सकाळी भाचा इम्पल्सवर पुढं, मी मागं. फूटरेस्टवर उभं राहायचं, चाकाकडे न बघता लांब बघायचं, घाबरून थांबायचं नाही, एवढंच सध्या चाललंय.

मोठी गाडी विकायला काढली आहे. बघायला येणाऱ्याला मी चहा पाजतो, कागद दाखवतो आणि पैशाचं बोलायच्या आधी गाडी अंगणात आडवी करून म्हणतो, "उचला." तिघं येऊन गेले. गाडी अजून दारातच आहे.