आठ सेकंदांचा हिशोब

1998 साली आमच्या घरात मोडेमवरून भांडण झालं होतं, असं सांगितलं की माझे विद्यार्थी हसतात. मग मोडेम म्हणजे काय, इथपासून सुरुवात करावी लागते.

धाकटा भाऊ तेव्हा इंजिनिअरिंगला होता. विदेश संचार निगमनं 15 ऑगस्ट 1995 ला सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं होतं आणि विद्यार्थ्यांना स्वस्तातलं शेल खातं मिळत असे. त्यात चित्रं नाहीत, फक्त अक्षरं. काळा पडदा, पांढरी अक्षरं, पत्रांसाठी पाइन, वाचायला लिंक्स. भावाकडे कुणीतरी टाकून दिलेला 2400 चा मोडेम होता. त्याला 33600 चा हवा होता. अब्बांनी शिलाईच्या दुकानातून बाजूला ठेवलेले पैसे मात्र माझ्या बी.एड.च्या फीचे होते.

"आपा, चौदा पट वेगवान आहे," तो म्हणाला. मी म्हटलं, "आधी हिशोब करू." शिक्षिका व्हायच्या आधीच सवय लागली होती.

हिशोब सोपा होता. एका अक्षराला तारेवर दहा बिट लागतात, म्हणजे 2400 च्या मोडेमवर सेकंदाला 240 अक्षरं. पडदा 80 बाय 24, म्हणजे 1920 अक्षरं. पूर्ण भरायला आठ सेकंद. नव्या मोडेमवर अर्ध्या सेकंदाहून थोडं जास्त. पण भाऊ टाइप करायचा सेकंदाला तीन-चार अक्षरं, आणि वाचायचा पंचवीसेक. त्याच्या बोटांना आणि डोळ्यांना जुना मोडेमही पुरून उरत होता. टाइप केलेलं अक्षर उशिरा उमटायचं ते पलीकडच्या गर्दीमुळे. त्यावर महाग मोडेमचा इलाज नव्हता.

एका संध्याकाळी मी घड्याळ आणि वही घेऊन त्याच्या शेजारी बसले. तासाभरात तीस पडदे भरले. एकूण वाट पाहणं चार मिनिटं. बाकीची छप्पन्न मिनिटं वाचणं, टाइप करणं आणि विचार करणं यात गेली. फोनचा मीटर मात्र विचार करतानाही पळतच होता. मी म्हटलं, "पत्र आधी लिहून ठेव, मग फोन लाव. चारपेक्षा जास्त मिनिटं वाचतील, तीही फुकट."

अब्बांनी वही पाहिली आणि काही न बोलता पैसे माझ्या हातात दिले.

मी जिंकले. पण हिशोबात एक रकाना मी भरलाच नव्हता. भावाला प्रोजेक्टसाठी फायली उतरवायच्या होत्या. एक एमबीची फाइल जुन्या मोडेमवर सव्वा तासाहून थोडी कमी घेते, नव्यावर सव्वापाच मिनिटं. अम्मीला मधेच फोन लागला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. हे त्याने सांगितलं होतं. मी "ते वेगळं" म्हणून बाजूला ठेवलं. कारण ते धरलं असतं तर उत्तर बदललं असतं, आणि फी माझी होती. पुढे वर्षभर तो कॉलेजातून फ्लॉप्या भरून आणायचा. घरी आल्यावर त्यातली एखादी वाचली जायची नाही.

आणखी एक गोष्ट वर्गात उभं राहिल्यावर कळली. फळ्यावर प्रश्न लिहून मी आठ सेकंद थांबले, तर शेवटच्या बाकावरची मुलं खिडकीबाहेर गेलेली असतात. चार मिनिटं एकत्र मोजली तर थोडी वाटतात; तीस वेळा तुटलेलं लक्ष कुठल्या वहीत मांडायचं?

तरीही नुसती अक्षरं लिहा-वाचायची असतील तर तेवढे पैसे घालू नयेत, हे माझं मत आजही तेच आहे. फक्त ते मी खोट्या प्रश्नाला दिलेलं खरं उत्तर होतं.

गेल्या ईदला भावाला हे बोलून दाखवलं. तो हसला. "आपा, तुझी बी.एड. झाली ना? मग उतरली फाइल."

वही अजून माझ्याकडे आहे. तो रिकामा रकाना मी परवा भरला.