माफीचा सीन

मालिका लिहिणाऱ्याला भांडण लिहिणं म्हणजे डाव्या हातचा मळ. दाराआडून ऐकलेलं अर्धं वाक्य किंवा भलत्याच्या हाती पडलेली एखादी चिठ्ठी मिळाली, की ट्रॅक सुरू. तो हवा तेवढा ताणता येतो. टीआरपी बरा असेल तर मधे दोन सणही साजरे होऊन जातात. घाम फुटतो तो मिटवायची वेळ आली की. कोणीतरी कोणाची तरी माफी मागायची असते, समोरच्याने ती द्यायची असते, आणि आपल्या हाताशी असतं काय, तर डोळ्यांतलं पाणी, मागे बासरी आणि ‘मी चुकलो’. नट चांगला असेल तर प्रेक्षक रडतोसुद्धा. पण रडणं वेगळं आणि पटणं वेगळं. घरचे लोक चहा पिता पिता म्हणतात, ‘एवढं सगळं झालं आणि हिने लगेच माफ केलं?’ त्या ‘लगेच’ला माझ्याकडे बराच काळ उत्तर नव्हतं.

जे थोडंफार सापडलं, ते एका ख्रिसमसच्या प्रेमकथेत. नाताळच्या प्रेमकथा हा अमेरिकेत आता मोठा धंदा आहे. बर्फ, छोटं गाव, शहरातून परतलेली नायिका, जुना प्रियकर, शेवटी दिव्यांच्या माळेखाली समेट. त्यांतल्या बऱ्याच मी पाहिल्यात, धंद्याचा भाग म्हणून आणि खरं सांगायचं तर आवडतात म्हणूनही. पण शिकायला मी पुन्हा पुन्हा जाते ती 1940 सालच्या ‘द शॉप अराउंड द कॉर्नर’कडे. दिग्दर्शक एर्न्स्ट लुबिच, पटकथा सॅमसन राफेलसनची. मूळ नाटक मिक्लोश लासलो या हंगेरियन लेखकाचं, 1937 मधलं. नाटकातलं अत्तराचं दुकान सिनेमात चामड्याच्या वस्तूंचं झालं, गाव मात्र बुडापेस्टच राहिलं. गंमत म्हणजे इतकी नाताळात भिजलेली ही गोष्ट थिएटरात लागली जानेवारीत.

कथा दोन ओळींची आहे. आल्फ्रेड क्रालिक आणि क्लारा नोवाक एकाच दुकानात नोकरीला. दिवसभर एकमेकांना पाण्यात पाहतात, आणि नाव माहीत नसलेल्या एका व्यक्तीला दोघंही जीव ओतून पत्रं लिहितात. ती व्यक्ती कोण हे प्रेक्षकाला फार लवकर कळतं. जेम्स स्टुअर्ट आणि मार्गारेट सुलाव्हन यांनी ही कामं केली आहेत. लोकांना आठवतात ती हीच दोघं.

मला मात्र आधी आठवतो त्यांचा मालक, ह्यूगो मातुशेक. फ्रँक मॉर्गनने केलेला. एका निनावी पत्रातून त्याला कळलेलं असतं की दुकानातल्या कोणाशी तरी बायकोचं सूत आहे. त्याचा संशय जातो क्रालिकवर, म्हणजे ज्याला त्याने पोरासारखं वाढवलं, घरी जेवायला बोलावलं, त्याच्यावर. कारण न सांगता तो त्याला कामावरून काढतो. क्रालिकला कारण माहीत नाही, आपल्यालाही नीटसं कळलेलं नसतं. त्याच संध्याकाळी खाजगी गुप्तहेर येऊन सांगतो की माणूस दुसराच आहे: वादास, तो गुळगुळीत बोलणारा, चांगले कपडे घालणारा. मातुशेक आत जाऊन स्वतःवर पिस्तूल रोखतो. सायकलवरून सामान पोचवणारा पोऱ्या पेपी वेळेवर पोचतो म्हणून म्हातारा वाचतो.

आता धंद्यातल्या माणसाने इथे नीट बघावं. मातुशेक आणि क्रालिक पुन्हा समोरासमोर येतात ते हॉस्पिटलात. एक खाटेवर, दुसरा उभा. म्हातारा आपली चूक कबूल करतो, पण सीन त्या शब्दांवर उभा नाही. तो उभा आहे किल्ल्यांवर. सिनेमाच्या सुरुवातीला सगळी नोकरमंडळी सकाळी बंद दुकानाबाहेर ताटकळतात, मालक टॅक्सीतून उतरतो, तेव्हाच दार उघडतं. हे लुबिचने आपल्याला आधीच दाखवून ठेवलंय, विनोदात, लक्षात येणार नाही असं. त्यामुळे आता खाटेवरून मातुशेक त्या किल्ल्या क्रालिकच्या हातात देतो आणि त्याला दुकानाचा मॅनेजर करतो, तेव्हा तो नेमकं काय देतोय हे समजावून सांगायला संवाद लागत नाही. काल ज्याच्यावर घरात चोरी केल्याचा आळ होता, उद्या सकाळी दुकान तो उघडणार.

आमच्याकडे असा सीन लिहायचा झाला तर बैठकीत पहिला प्रश्न येतो, ‘मॅडम, इमोशन कुठेय?’ इमोशन किल्लीत आहे, हे पटवून देण्यात माझी बरीच वर्षं गेलीत. विश्वास ही पडद्यावर न दिसणारी गोष्ट. ती दिसावी असं वाटत असेल तर कथेच्या पहिल्या पाव भागात ती कुठल्यातरी वस्तूत ठेवून द्यावी लागते: किल्ली, हिशेबाची वही, मुलाला शाळेतून आणायचं काम. मग अविश्वास म्हणजे ती काढून घेणं, आणि समेट म्हणजे ती परत देणं. वस्तू आधी पेरलेली नसेल तर शेवटी बासरी वाजवण्यावाचून गत्यंतर नाही.

दुसरी गोष्ट क्रमाची. मातुशेक माफी मागतो तेव्हा त्याने किंमत आधीच मोजलेली असते. तो मरता मरता वाचलाय. लग्न संपलंय. क्रालिकच्या मनात राग असेल तर तो त्या खाटेकडे बघून उतरतो, आणि प्रेक्षकाचाही. ‘लगेच कसं माफ केलं’ हा प्रश्न तिथे उठत नाही, कारण हिशेब पडद्यावर आधीच झाला. मालिकांत आम्ही बहुतेक उलटं करतो: आधी माफी, मग पुढच्या आठवड्यात गुन्हेगाराला पश्चात्तापाचा एखादा एपिसोड.

लुबिच बर्लिनमधल्या शिंप्याचा मुलगा, जन्म 1892 चा. तरुणपणी बापाच्या धंद्यात हातभार लावलेला. या सिनेमातल्या दुकानाला गल्ल्याचा, धुळीचा, मालकाच्या मूडचा जो वास आहे तो तिथून आला असावा असं मला वाटतं. मालक ‘तुझं प्रामाणिक मत सांग’ असं म्हणू लागला की पिरोविच हा बाळबच्चेवाला, सज्जन नोकर गोल जिन्याने वर सटकतो. नोकरी केलेल्या माणसालाच हे सुचतं. 1935 मध्ये नाझी सरकारने लुबिचचं जर्मन नागरिकत्व काढून घेतलं होतं, आणि हा सिनेमा आला तेव्हा युरोपात महायुद्ध पेटलेलं होतं. सिनेमात त्याचा उल्लेखही नाही. माणसांनी एकमेकांवर संशय घेण्याविषयीची, आणि मग त्या संशयातून बाहेर येण्याविषयीची गोष्ट त्याने तेव्हा सांगितली एवढंच.

आता प्रेमकथा. ती मला मातुशेकच्या गोष्टीपेक्षा अवघड वाटते, कारण तिथे चूक सरळ नाही.

मी कुठलाही गैरसमजाचा ट्रॅक लिहिण्याआधी कागदावर तीन रकाने आखते. तिला काय माहीत आहे, त्याला काय माहीत आहे, प्रेक्षकाला काय माहीत आहे. प्रत्येक सीननंतर कुठल्या रकान्यात काय वाढलं ते लिहायचं. हा सिनेमा मी असा उतरवून काढलाय, आणि कॅफेच्या सीनपाशी रकाने कसे एका बाजूला झुकतात ते बघण्यासारखं आहे. पत्रमैत्रिणीला भेटायचं ठरतं. खूण म्हणून टेबलावर ‘ॲना कॅरेनिना’ आणि त्यात लाल कार्नेशनचं फूल. क्रालिकला त्याच दिवशी काढून टाकलेलं. बेकार माणसाने कुठल्या तोंडाने भेटायचं म्हणून तो पिरोविचला काचेतून डोकवायला सांगतो. आत बसलेली असते क्लारा. त्या क्षणापासून त्याला सगळं माहीत, तिला काहीच नाही, आणि सिनेमा संपेपर्यंत तसंच.

म्हणजे उरलेला अर्धा सिनेमा नायक नायिकेला फसवत असतो. सरळ शब्दांत हेच. आत जाऊन तो तिच्या टेबलाशी बसतो, ओळख देत नाही, तिची घालमेल बघतो. पुढे तिला पत्र पाठवतो की मी आलो होतो पण तुझ्यासोबत एक पुरुष दिसला म्हणून परतलो. धडधडीत खोटं. तरी आपण त्याच्या बाजूने का राहतो?

एक कारण लुबिच आणि राफेलसन यांनी कॅफेतच ठेवलंय. क्लाराला वाटतं हा नको असलेला सहकारी आपली भेट उधळणार, म्हणून ती त्याला असं काही बोलते की त्याची मान खाली जाते. त्याला आज नोकरीवरून काढलंय हे तिला माहीत असूनही. इथे पारडं सारखं होतं. तो लपवतो हा त्याचा दोष, ती क्रूर बोलते हा तिचा, आणि दोघांचेही दोष एकाच टेबलावर, एकाच रात्री. निव्वळ एकट्याने चुकलेल्या माणसाला माफ करायला लावलं तर लेखकाला त्या बिचाऱ्या दुसऱ्या पात्राकडून देवपण उसनं मागावं लागतं. आपल्या मालिकांतल्या सुनांकडून आम्ही ते वर्षानुवर्षं मागत आलोय.

दुसरं कारण एका शॉटमध्ये आहे. पत्र येत नाही. पोस्टातल्या पेटीत क्लाराचा हातमोजा घातलेला हात आत शिरतो, चाचपतो, रिकामाच राहतो, आणि मग चौकटीत तिचा चेहरा दिसतो. ती आजारी पडते. ही किंमत तिने मोजलेली, त्याच्या लपवण्यामुळे. ती त्यालाही दिसते, म्हणून तो तिच्या घरी जातो. त्याचं ते खोटं पत्र तिथेच तिच्या हाती पडतं, आणि तो समोर बसून तिला ते वाचताना बघतो. ही लबाडी आहे, पण ती तिला बरं करण्यासाठी आहे हे आपल्याला दिसतं. एवढ्या पातळ दोरीवर हा माणूस चालतोय. स्टुअर्टऐवजी कोणी जरा अधिक हुशार दिसणारा नट असता तर पडलाच असता.

हीच कथा नोरा एफ्रनने 1998 मध्ये ‘यू हॅव गॉट मेल’ करून ईमेलच्या काळात आणली. संवाद चुरचुरीत, मेग रायन आणि टॉम हँक्स झकास. पण तिथे माझे रकाने हलतात. नायक अवाढव्य पुस्तकदुकानांच्या साखळीचा वारस. त्याच्या दुकानापायी नायिकेचं, तिच्या आईपासून चालत आलेलं, मुलांच्या पुस्तकांचं छोटं दुकान बंद पडतं. तिला सगळं कळून ती त्याच्या मिठीत जाते. दुकान गेलं ते गेलंच. त्याने मोजलं काय? चार फुलं आणि मैत्रीची काही भेट-बोलणी. मी तो सिनेमा आनंदाने बघते आणि दरवेळी शेवटाला जरा चिडते. मातुशेकने किल्ल्या दिल्या होत्या. इथे किल्ल्या कोणी दिल्या?

नाताळ या सगळ्यात काय करतो हा प्रश्न मला कार्यशाळांत मुलं विचारतात. वातावरण वगैरे उत्तर देऊन मोकळं होता येतं. माझ्या मते नाताळ इथे कॅलेंडर म्हणून कामाला येतो. आपल्याकडे दिवाळीच्या आधी दुकानदाराचं जे होतं तेच: विक्री, बोनस, आणि त्या एका रात्री प्रत्येकाने कुठेतरी जायचंच असतं. ज्याला जायला जागा नाही तो आपोआप उघडा पडतो. डिकन्सने 1843 मध्येच हे ओळखलं होतं. त्याच्या ‘अ ख्रिसमस कॅरल’मधल्या कंजूष स्क्रूजला एका रात्रीत बदलायला लावायला असलीच तारीख लागते. लुबिचने मात्र रात्रीत कोणाला बदललं नाही. त्याने मातुशेकला हॉस्पिटलातून उठवून बर्फात दुकानासमोर उभं केलं. विक्री 1928 नंतर कधी झाली नव्हती एवढी झालीय, सगळ्यांना बोनस वाटून झालाय. मग तो बाहेर पडणाऱ्या एकेकाला विचारतो, आज कुठे? सगळ्यांचं कुठे ना कुठे ठरलेलं. शेवटी उरतो नवा, सतरा वर्षांचा पोऱ्या रूडी, त्याचेही आईबाप गावात नाहीत. दोघं भरलेलं हंस आणि सफरचंदाचा स्ट्रूडल खायला निघतात.

हा प्रसंग मला माफीच्या सीनइतकाच महत्त्वाचा वाटतो. मातुशेकला क्रालिकने माफ केलं, दुकान परत उभं राहिलं, पण बायको परत आली नाही. दुसरी संधी मिळाली ती पोऱ्यासोबत जेवायची. या बायकोला, एम्माला, सिनेमाभर आपण एकदाही बघत नाही. फोनवरच्या मातुशेकच्या बोलण्यातून ती कळते तेवढीच. तिची बाजू कोणी विचारत नाही. आज लिहिताना मी तिला एक तरी सीन दिला असता. पण तिला एकदा चेहरा दिला की गोष्ट तिची होते, हेही मला माहीत आहे. आणि वादास? त्याला माफी नाहीच. क्रालिक मॅनेजर झाल्यावर त्याला सगळ्यांच्या देखत बाहेरचा रस्ता दाखवतो, आणि आपण खुशीने बघतो. एकाला माफ न करता ठेवलं म्हणजे बाकीच्यांना केलेली माफी फुकट वाटत नाही, हा लेखकाचा जुना, थोडा निर्दयी हिशेब.

शेवट दुकानातच. सगळे गेलेत, दिवे मालवलेत. क्रालिक क्लाराला सांगतो की तुझा तो पत्रलेखक मला भेटला: पॉपकिन नावाचा, पोट सुटलेला, टक्कल पडू लागलेला बेकार माणूस. तिची स्वप्नं एकेक उतरवतो. मधेच ती सांगते की नोकरीला लागले तेव्हा मला तुम्हीच आवडला होतात. ते ऐकल्यावरच तो कार्नेशन काढून कोटाला लावतो. म्हणजे शेवटपर्यंत तो सुरक्षित खेळला. आधी तिने पत्ते टाकले, मग याने. माझ्या रकान्यात इथे खूण आहे, आणि लुबिचनेही ती ओळखली असणार, कारण क्लारा लगेच गळ्यात पडत नाही. त्याचे पाय वाकडे आहेत असा तिला जुना संशय. ती त्याला पँट वर करून दाखवायला लावते. मॅनेजरसाहेब, दुकानाच्या किल्ल्या खिशात, अंधारात उभे राहून मोजे आणि नडग्या दाखवतात. ती वाकून नीट बघते.

असला भाग लिहिला की निर्माते हमखास म्हणतात, इथे कॉमेडी कशाला, सरळ मिठीवर जाऊ. मी ती कॉमेडी ठेवते. अर्धी गोष्टभर ज्याने तिला तपासलं, त्याला ती निदान नडगीपुरता तरी तपासते, आणि मिठी त्यानंतर.