तळ्याकाठचा पाव

लंडनच्या सेंट जेम्स पार्कातल्या पाणपक्ष्यांना खाऊ घालण्याची हौस साडेतीनशे वर्षे जुनी आहे. दुसरा चार्ल्स राजा तिथे स्वतः बदकांना दाणे टाकी. रशियाच्या राजदूताने 1664 मध्ये त्याला पेलिकन नजर केले, पेलिकन आजही तिथे दिसतात. त्यांना बागेचे कर्मचारीच दुपारी मासे घालतात.

बाकीच्यांच्या वाट्याला येतो तो शेजारच्या घरांतला उरलेला पाव. एक तुकडा पडतो. मॅलार्ड बदके पाणी कापत येतात आणि कपाळावर पांढरा टिळा असलेला वारकरी (हे नाव मराठीच, तिथे तो कूट) मधूनच तो पळवतो. लाल डोळ्यांनी तो पुढच्या तुकड्याची वाट पाहतो. देणाऱ्याला वाटते, याने आपल्याला ओळखले. ओळख पावाच्या पिशवीच्या सळसळीशी असते, पण ते सुख खोटे म्हणवत नाही.

पावाने पोट भरते, पोषण होत नाही. पिल्लांचा आहार असा बिघडला तर पंखाचा सांधा पिळवटून पिसे बाहेर वळतात आणि पक्षी कायमचा उडायचा राहतो, असे म्हणतात. याचे नेमके कारण मात्र अजून वादात आहे. न खाल्लेला पाव कुजतो, पाणी हिरवे पडते, उंदीर वाढतात. एका जागी दाटी झाली की रोगही पसरतो. पाणवनस्पती, किडे, गोगलगायी हे पक्ष्यांचे खरे अन्न तळ्यातच असते.

म्हणून बागेचे व्यवस्थापन आता पक्ष्यांना काहीही घालू नका, अशी विनंती करते.