सोबत्यानं हाक कशी मारावी

चि. भाचीस,

तुझ्या गेमचे संवाद वाचून काढले. गड झकास, राक्षस त्याहून झकास. पण तुझे तिन्ही सोबती खेळणाऱ्याला एकाच सुरात 'हे वीरा' म्हणतात, तिथं मी अडलो. अगं, सांगलीत वाढलेली पोरगी तू. विट्यापासून वाईपर्यंत कुणी कुणाला अशी हाक मारलेली ऐकलीस कधी? (मला तर शाळेतलं गॅदरिंग आठवलं. पुठ्ठ्याच्या तलवारीसकट.)

तुझी अडचण कळते. खेळणारा आपलं नाव स्वतः टाइप करणार आणि आवाज तर आधीच रेकॉर्ड झालेला. मग ते नाव उच्चारायचं कुणी? मोठमोठ्यांनी यातून पळवाटाच काढल्यात. 'फायनल फँटसी टेन'मध्ये (२००१) नायकाचं नाव बदलता येतं, म्हणून अख्ख्या गेममध्ये बोलताना त्याला कुणी नावानं हाकच मारत नाही. 'मास इफेक्ट'नं पहिलं नाव खेळणाऱ्यावर सोडलं आणि शेपर्ड हे आडनाव आपल्या ताब्यात ठेवलं. 'ड्रॅगन एज: ओरिजिन्स'नं (२००९) हुद्दा पुढे केला, वॉर्डन. 'स्कायरिम'मधली लिडिया 'थेन' म्हणते, आपल्याकडच्या 'सरकार'सारखं; पण तुमचं ओझं वाहायची शपथ घेतलीय हे ती अशा काही सुरात सांगते, की त्या एका वाक्यावर ती जगभर गाजली. 'फॉलआउट फोर'वाल्यांनी (२०१५) कॉड्सवर्थ नावाच्या यंत्रमानवासाठी नऊशेहून जास्त नावं रेकॉर्ड करून घेतली. तुमच्या स्टुडिओला हे परवडायचं नाही.

परवडणारा उपाय कृष्णाकाठी आयता पडलाय. प्रतिसरकारची माणसं आठव. येडेमच्छिंद्रचे नाना पाटील, वाळव्याचे नागनाथअण्णा, कुंडलचे जी. डी. बापू आणि कॅप्टन भाऊ, पद्माळ्याचे वसंतदादा. ७ जून १९४३ ला त्यांच्या तुफान सेनेनं शेणोलीजवळ पगाराची रेल्वेगाडी लुटली, तेव्हा बापूंना एकविसावं सरलेलं नव्हतं. अशा हाकेला वय लागत नाही. आपल्याकडे पाळण्यातल्या पोरालाही आज्याची आठवण म्हणून आबा नाहीतर तात्या करून टाकतात, आणि गडी तेच नाव घेऊन जन्मभर फिरतो. परक्याला वाटतं, केवढी पदवी! वसंतदादा मुख्यमंत्री झाले तरी दादाच राहिले. त्याच खोऱ्यात, देवराष्ट्र्यात जन्मलेले यशवंतराव मात्र 'साहेब' झाले. मान दोघांनाही होता. कुणाशी किती सलगी करायची ते लोकांनी आपलं आपण ठरवलं.

तेव्हा खेळणाऱ्याला नाव विचारून झालं, की लगेच पुढचा प्रश्न टाक: 'आणि घरात काय म्हणतात?' बापू, नाना, अण्णा, आबा, तात्या, भाऊ. अक्का, ताई, माई, जिजी. निवड म्हणावं यातलं एक. दहा हाका तीन आवाजांत, एका दुपारचं रेकॉर्डिंग. खेळणारा अमेरिकेत बसलेला असेना का, शेजारचा सोबती 'बापू, मागं बघ!' म्हणून ओरडला की मान वळणारच.

आता खर्चाचंच निघालंय तर आणखी एक. खेळणारा बाई की बाप्या हे आधी माहीत नसल्यानं तू 'आलास' आणि 'आलीस' दोन्ही लिहून ठेवलंयस. सगळीकडे तशी गरज नाही. 'तलवार उचललीस', 'दार उघडलंस', 'वाचवलंस मला' ही वाक्यं दोघांनाही चालतात. 'येशील', 'धरशील', 'थांब की', 'चल की' हीसुद्धा. लढाईतलं बोलणं असंही तुटकच असतं. राहिले 'अरे' आणि 'अगं'; ते मात्र दोनदा रेकॉर्ड कर, त्यात काटकसर नको.

तू-तुम्हीचा फरक मात्र तू चक्क वाया घालवलायस. बाहेरच्या गेममध्ये सोबती खूश झाला की पडद्याच्या कोपऱ्यात तशी पाटी झळकते. 'बाल्डर्स गेट थ्री'मध्ये (२०२३) कुणाला तुमचं वागणं पटलं आणि कुणाला खटकलं, ते असंच कळतं. आपल्याला ही पाटी कशाला हवी? तुझ्या तिघांतला म्हातारा वाटाड्या पहिल्या गावापासून 'तुम्ही' म्हणतोय. नदी ओलांडताना खेळणाऱ्यानं त्याला हात दिला, की पलीकडच्या काठावर नुसतं 'बस जरा, दम लागला असेल तुला' म्हणू दे. आणि धनगराची पोरगी, जी पहिल्यापासून 'तू'वर आहे, तिला न विचारता तिचा घोडा विकला तर दुसऱ्या दिवशी तिच्या तोंडून यायला हवं, 'तुम्ही मोठी माणसं, तुम्हाला कोण विचारणार?' या 'तुम्ही'चा आपल्या घरांतून किती धाक आहे ते तुझ्या आईला विचार. तिसरा, तो किल्लेदाराचा मुलगा, शेवटपर्यंत 'सरकार'च म्हणू दे. त्याच्या पोटात काय आहे ते कळताच कामा नये.

विनोदी सोबती हवा म्हणून कुणाचं बोलकं माकड उसनं आणू नकोस. आपल्याकडे पेंद्या आहे. तमाशाच्या गवळणीतला, कृष्णाचा सवंगडी. खुद्द देव शेजारी उभा, तरी त्याची टर उडवायला तो भीत नाही. पुढं वग सुरू झाला की सोंगाड्या राजाला दर वाक्यात 'महाराज' म्हणतो, आणि प्रत्येक 'महाराज'गणिक राजाचा फेटा जरा जरा खाली येतो. तमाशाचे शाहीर पठ्ठे बापूराव रेठरे हरणाक्षचे, म्हणजे आपल्या वाळवा तालुक्यातलेच. कुळकर्ण्यांचा श्रीधर, तमाशात गेला आणि 'पठ्ठे' झाला. वगातले संवाद पूर्वी बरेचसे सोंगाड्याच्या जिभेवरच असत. म्हणून तुझ्या पेंद्याचं काम करणाऱ्या नटाला हातात कागद देण्याआधी पाच मिनिटं मोकळं सोड. चार कामाच्या हाका तोच देईल.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सची 'राजी' (२०२०) तू मला आवर्जून दाखवली होतीस. तिथं दुर्गा आणि विष्णू वरून बघत राजीबद्दल आपसांत बोलतात. तिच्या बाजूनं चालणारं कुणी नाही. तुझ्याकडे तिघे आहेत, आणि तिघांनाही तू नुसतं पाठीमागून चालवतेस.

म्हणून एक प्रसंग सुचवतो, तिसऱ्या गडाच्या दरवाजासाठी. नाना पाटलांच्या लेक हौसाताई तुला माहीत आहेत. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर त्यांनी आणि एका साथीदारानं मारहाणीचं सोंग केलं. पोलीस सोडवायला बाहेर आले, आणि तेवढ्यात बाकीच्यांनी बंदुका लांबवल्या. तुझ्या दरवाजावरही पहारेकऱ्यांसमोर असंच भांडण लाव. इतका वेळ 'अक्का, अक्का' करणारा सोबती एकदम अंगावर येतो, शिव्या घालतो, ओळख दाखवत नाही. खेळणाऱ्याला आधी काही सांगू नकोस. तो चिडून खरंच तलवार उपसतो, की सोंग ओळखून उलट चार शिव्या हासडतो, त्यावर दरवाजा उघडायचा की नाही ते ठरव. मी तर सोंगच ओळखलं नसतं.

रेकॉर्डिंगची तारीख कळव. वाटाड्याच्या आवाजासाठी माणूस मिळत नसेल तर मी आहेच.

तुझा,
मामा