वारस म्हणून सही

दर जुलैत आमच्या घरी दोन फायली कपाटातून बाहेर निघायच्या. निळी यांची, खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीतल्या पगाराची. पिवळी माझी, शाळेच्या पगाराची. दोन्ही अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या. तेव्हा प्राप्तिकर रिटर्नचा ‘सरल’ नावाचा फॉर्म होता, हाताने भरायचा. हे पेन्सिलीने बेरजा करून देत, मी त्या शाईने उतरवत असे. फॉर्म १६, पीपीएफचं पासबुक, एनएससीच्या झेरॉक्स, सगळं टाचून ठेवायचं. पुढे कलम ८८ जाऊन ८०सी आलं, भरणं संगणकावर गेलं. फायली मात्र दोनच राहिल्या.

कायद्यालाही त्या दोनच लागतात. आपल्याकडे हिंदू अविभक्त कुटुंबाला स्वतंत्र पॅन मिळतो, पण नवरा-बायकोला एकत्र रिटर्न भरता येत नाही. २०२५च्या अर्थसंकल्पाआधी सीएंच्या संस्थेने तशी मुभा सुचवली होती. माझी भाची अमेरिकेत असते. तिकडे जोडीदार ज्या वर्षी जातो, त्या वर्षाचंही रिटर्न दोघांच्या नावाने भरता येतं, असं तिने सांगितलं तेव्हा मला हेवा वाटला. खरंच वाटला.

हे नोव्हेंबरात गेले. १ एप्रिलपासून त्या दिवसापर्यंतची कमाई यांची, पुढची माझी, अशी एकाच आर्थिक वर्षाची वाटणी झाली. तेव्हा लागू असलेल्या १९६१च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम १५९प्रमाणे मृताचं रिटर्न वारसाने भरायचं होतं. कर निघालाच, तर वारशात आलेल्या मालमत्तेपुरतीच त्याची जबाबदारी. त्याआधी प्राप्तिकर खात्याच्या पोर्टलवर वारस म्हणून नोंदणी करावी लागते. मृत्यूचा दाखला, दोघांचे पॅन आणि वारस असल्याचा पुरावा. कोर्टाची पायरी चढावी लागणार या धास्तीने मला झोप नव्हती. पण सरकारी कुटुंब निवृत्तिवेतनाचा दाखलाही पुरावा म्हणून चालतो. यांच्या नोकरीने जाता जाताही मला हात दिला.

जीव मेटाकुटीला आला तो व्याजापायी. खबर देऊनही एका बँकेने मार्चपर्यंतचं व्याज यांच्याच पॅनवर टाकलं, टीडीएससुद्धा कापला. एआयएसमध्ये, म्हणजे खात्याच्या वार्षिक माहिती विवरणात, हे मार्चपर्यंत जिवंत होते. तो तक्ता पाहताना मला रडू आवरलं नाही. मग तारखेनिहाय व्याज वेगळं काढून दुरुस्तीचे अर्ज केले. त्या मानाने कुटुंब निवृत्तिवेतनाचा हिशेब सोपा: ते माझ्या रिटर्नमध्ये ‘इतर उत्पन्न’ म्हणून येतं आणि त्याचा एक तृतीयांश किंवा नव्या करप्रणालीत २५,००० रुपये, यांतली कमी असेल ती रक्कम वजा होते.

यांच्या रिटर्नखाली कायदेशीर वारस म्हणून माझं नाव आलं. एवढ्या संसारात प्राप्तिकराच्या एका कागदावर आम्ही दोघं आलो ते असे, एक जण गेल्यावर. हे मला न्याय्य वाटत नाही. ज्यांना हवं त्यांना जिवंतपणीच शेजारी शेजारी सही करता आली पाहिजे.

तो कायदा होईल तेव्हा होवो. तोवर एकमेकांच्या ठेवी कुठे आहेत, नॉमिनी कोण आहे, पोर्टलचा पासवर्ड काय, हे आज जेवायला बसाल तेव्हाच विचारून घ्या. आणि मागे राहिलात, तर गेलेल्या माणसाचा पॅन रद्द करायची घाई करू नका. आधी रिटर्न भरा, रिफंड येऊ द्या.