चिंध्या आणि चऱ्हाट

यरुशलेमेला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडलेला, शहरातली भाकरी संपत आलेली. अशा दिवसांत यिर्मया संदेष्टा 'शरण जा, जगाल' म्हणून सांगत सुटतो. सरदार चिडतात आणि त्याला दोरांनी एका आडासारख्या खोल हौदात सोडतात. हौदात पाणी नाही, नुसता गाळ. संदेष्टा गाळात रुततो. यिर्मयाच्या पुस्तकाच्या ३८व्या अध्यायातली ही गोष्ट. उपासनेत ती फारशी कुणी वाचत नाही.

राजवाड्यात एबद-मलेख नावाचा चाकर असतो. कूशी, म्हणजे मिसराच्याही पलीकडचा, परमुलखातला काळा माणूस, वर षंढ. नियमशास्त्राप्रमाणे असल्या माणसाला परमेश्वराच्या मंडळीत पाऊल टाकायची मुभा नाही. तो भर वेशीत बसलेल्या राजापुढे उभा राहतो आणि सांगतो, यिर्मया तिथे उपाशी मरेल. राजा दुबळा. सरदारांना जसा हो म्हणाला होता तसाच यालाही म्हणतो आणि बरोबर माणसं देतो, ३०. दुसरा कुणी असता तर दोर घेऊन हौदाकडे धावला असता. हा आधी भांडाराखालच्या खोलीत शिरतो. जुन्या चिंध्या, विरलेली लुगडी-धडुती गोळा करतो, ती दोराने खाली सोडतो आणि वरून सांगतो: या काखेत घाल, मग त्यावर दोर घे.

कृपेवर मी पुष्कळ प्रवचनं ऐकली आहेत. त्यांत उधळा पुत्र येतो, झाडावर चढलेला जक्कय येतो, दमिष्काच्या वाटेवर आंधळा झालेला शौल हटकून येतो. चिंध्या कधी येत नाहीत. खरं तर यिर्मयाला वर काढायला दोर पुरेसा होता. खाली सोडलं तेव्हा त्याच्या काखांचा विचार कुणी केला नव्हता, आणि म्हणून तो काही मेला नव्हता. सुटका दोराने झाली, हे कबूल. पण सुटकेच्या वर जे उरतं, ज्याच्यावाचून काम भागलं असतं, त्याला माझ्या मते कृपा म्हणावं. पाळकांना हे पटेलच असं नाही.

आमच्या नगर जिल्ह्याला, आताच्या अहिल्यानगरला, ही गोष्ट फोडून सांगावी लागू नये. हा बहुतेक पर्जन्यछायेतला मुलूख. इथे विहीर म्हणजे खोल, आणि दोर म्हणजे लांब. घायपाताची पानं कुजवायची, झोडपायची, वाख निघाला की धुऊन वाळवायचा, मग पीळ देत चऱ्हाट वळायचं. तो वाख अंगाला लागला की खाज सुटते, आणि ओल्या चऱ्हाटावर माणसाचा भार पडला तर कातडी सोलून निघते. हे ज्याने दोर वळला त्यालाच पक्कं ठाऊक. जुन्या गावगाड्यात दोर वळण्याचं काम मांगाचं. मोटेचा नाडा त्याचा, सोंदूर त्याचा, बैलाचं दावं त्याचं. पाणी मात्र त्याने ओंजळ पसरून, वरून कुणी ओतेल तेवढंच घ्यायचं. ज्याच्या दोराने गावाची तहान भागली, तो विहिरीच्या थारोळ्यावर चढू शकत नव्हता.

महारवाड्या-मांगवाड्यांतून आलेल्या आमच्या ख्रिस्ती मंडळ्यांचा इतिहास आम्ही सांगतो तो असा: १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचे मिशनरी नगरला आले; १८४२ मध्ये इथूनच 'ज्ञानोदय' निघालं; सिंथिया फरार यांनी मुलींच्या शाळा चालवल्या, त्या पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले. सगळं खरं, आणि अभिमानाने सांगावं असंच. पण या कथेत आमचे पणजे-खापरपणजे नेहमी हात पसरलेले दिसतात. शाळा मिळाली, औषध मिळालं, दुष्काळात धान्य मिळालं. बाहेरचे 'पोटासाठी बाटले' म्हणून टोचतात. आम्ही आतून कृतज्ञतेची प्रार्थना करतो. म्हणजे घेणारे आम्हीच, यावर दोघांचंही एकमत!

एबद-मलेख मला इथे अडवतो. तो घेत नाही, देतो, आणि ज्याला मंडळीत जागा नाही तो मंडळीच्या संदेष्ट्याला देतो. अरामी सेनापती नामानाच्या घरची ती चिमुरडी दासीही तशीच. लुटीत पळवून आणलेली, शास्त्राने तिचं नावही नोंदवलेलं नाही. मालकाला कोड फुटलं तर तिने मनातल्या मनात 'बरं झालं' म्हणायला हरकत नव्हती. ती मालकिणीजवळ त्याच्या बरं होण्याचा पत्ता सांगते.

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' मी अलीकडे याच नजरेने वाचतो. नवरा ख्रिस्ती झाल्यावरही लक्ष्मीबाई सोवळं पाळत होत्या, त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळं. पुढे त्यांनी जात टाकली, मग बाप्तिस्मा घेतला, दुसऱ्यांची पोरकी मुलं पोटाशी धरली. त्यांच्या मोठेपणाबद्दल आपण भरभरून बोलतो, बोलायलाच हवं. पण ज्यांच्या स्पर्शाने त्यांचं पाणी बाटत होतं, त्या शेजारच्या बायकांचं काय? रोज डोळ्यांदेखत होणारा तो अपमान गिळून त्या लक्ष्मीबाईंच्या सुखदुःखाला उभ्या राहिल्याच असतील, नाहीतर पुढे त्यांच्या पंगतीला बसायला लक्ष्मीबाईंना वाट कुठली होती? त्या बायकांनी आत्मचरित्रं लिहिली नाहीत.

आमच्यातही सगळं गोड होतं असं नाही. महारवाड्यातून आलेले आणि मांगवाड्यातून आलेले एका बाकावर बसायला वेळ लागला, आणि सोयरीक जुळवताना अजूनही काहींना ते आठवतं. प्रभुभोजनाचा प्याला एक असला तरी.

३९व्या अध्यायात एबद-मलेखाला देवाचा निरोप येतो. शहर पडणार आहे, पण ज्या माणसांची तुला धास्ती आहे त्यांच्या हाती तू सापडणार नाहीस, असा त्याचा भाव. म्हणजे गडी घाबरलेला होता! राजासमोर उभा राहिला तेव्हाही, चिंध्या वेचताना तर नक्कीच. सरदार गावातच होते.

नगर जिल्ह्यात ख्रिस्ती कीर्तनाची जुनी परंपरा आहे. कुणी बुवाने एबद-मलेखाचं आख्यान लावलं, तर माझी एक फर्माईश. राजाच्या वेशीवरचा प्रसंग थोडक्यात आटपावा. भांडाराखालच्या खोलीत मात्र बुवांनी घाई करू नये. एकेक चिंधी हातात घेऊन, ही काचेल, ही मऊ आहे, असं बघत त्याला निवांत निवडू द्यावं. बाहेर ३० माणसं ताटकळत उभी आहेत, 'अरे, चल की!' म्हणून ओरडताहेत. ओरडू द्यावं त्यांना.