बिब्ब्याच्या गोळ्या

भिवंडींत ज्या आळींत आमचें बिऱ्हाड आहे तिच्या पाठीमागें यंत्रमागांचे गाळे आहेत. त्यांचा खटखटाट रात्रंदिवस चालूं असतो, आणि नवख्या पाहुण्यास पहिली रात्र तळमळतच काढावी लागते. आम्हांस मात्र तो थांबला म्हणजे जाग येते. चार वर्षांपूर्वीं एका दुपारीं वीज गेल्यामुळें माग असेच थांबले असतां आमच्या मातोश्रींनीं ओटीवरून विचारलें, "बाळ, मामंजी जेवले का रे?" मामंजींस, म्हणजे आमच्या आजोबांस, जाऊन तेव्हां ३१ वर्षें झालीं होतीं. आम्ही हंसलों. तें हंसणें आज आम्हांस टोचतें.

साठी बुद्धि नाठी ही म्हण आपण इतकी पचविली आहे कीं, विस्मरण हा एखादा रोग असूं शकेल ही शंकाच कोणास येत नाहीं. वस्तुतः १९०६ सालीं आलोइस आल्झायमर या जर्मन डॉक्टरानें ट्यूबिंगेनच्या सभेंत ज्या स्त्रीची हकीकत सांगितली, ती इस्पितळांत आली तेव्हां अवघी ५१ वर्षांची होती; म्हणजे आज आम्ही आहोंत त्याहून लहानच. पण हें आम्हांस मागाहून कळलें. त्या वेळीं शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून आम्ही मातोश्रींना गांवांतल्याच एका होमिओपॅथ डॉक्टरांकडे घेऊन गेलों.

त्या गृहस्थांविषयीं वाईट लिहिण्याचा आमचा हेतु नाहीं. त्यांनीं मातोश्रींना समोर बसवून पाऊण तास प्रश्न विचारले. मीठ वरून लागतें का, विजेच्या कडकडाटाची भीति वाटते का, झोंप कोणत्या कुशीवर लागते, माहेर कोठलें? मातोश्री वाड्याकडच्या. तेथील भातखाचरें, पावसांत भरून वाहणारा ओहोळ, धाकट्या भावानें आंब्यावरून पडून मोडून घेतलेला हात, असें कितीतरी त्या बोलल्या. त्यांपैकीं पुष्कळसें आम्हीं पूर्वीं ऐकलेंच नव्हतें. कारण आम्हीं कधीं विचारलेंच नव्हतें. शेवटीं डॉक्टरांनीं अनाकार्डियम नांवाच्या औषधाच्या साबुदाण्याएवढ्या पांढऱ्या गोळ्या दिल्या.

अनाकार्डियम म्हणजे आपला बिब्बा. टांचेच्या भेगेला चटका देणारा, बाळंतिणीच्या लाडवांना गोडंबी पुरविणारा, आणि परटाला कपड्यावर पक्की खूण करूं देणारा. कापडाच्या गांवांत जन्म काढल्यामुळें बिब्ब्याचा डाग धुवून जात नाहीं हें आम्हांस ठाऊक. जें कापडावर उमटतें तें मेंदूवरही उमटेल, अशी एक वेडी आशा धरून आम्हीं ती पुडी खिशांत घातली. होमिओपॅथीचा जनक हानेमान याच्या रीतीनें मात्र हा रस शंभरांत एक असा पातळ करीत जातात. तसें ३० वेळां केलें म्हणजे मूळ रस एकावर ६० शून्यें एवढ्या भागांत एक उरतो. बाराव्या खेपेच्या सुमारासच त्याचा एक कण तरी राहिला असेल कीं नाहीं याची शंका. हानेमान १८४३ सालीं वारला, तेव्हां द्रव्यांतील कणांची मोजदाद कोणासच साधली नव्हती. त्याला दोष कशाला द्या? आम्हांस मात्र ती सबब नाहीं. स्मृतिभ्रंशावर होमिओपॅथीचा गुण ठरवितां येईल असा, कसोटीस उतरणारा एकही प्रयोग २००३ सालच्या कॉक्रेन संस्थेच्या परीक्षणांत सांपडला नव्हता. हें एका संध्याकाळीं वाचून होण्यासारखें होतें. वर्गांत बेकन शिकवितांना प्रयोगाचें आणि प्रमाणाचें माहात्म्य आम्ही घसा कोरडा होईतों सांगतों. घरीं १४ महिने आम्हीं प्रमाण मागितलें नाहीं. गोळ्या गोड होत्या, स्वस्त होत्या, आणि त्या चालूं होत्या तोंवर दुसरें कांहीं करावयास नको होतें.

मग मातोश्री न्हाणीघरांत पडल्या. ठाण्याच्या ज्या मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलों त्यांनीं सात मिनिटें दिलीं, आणि तीं सगळीं आमच्याशीं इंग्रजींत बोलण्यांत घालविलीं. मातोश्री वर फिरणाऱ्या पंख्याकडे पाहत होत्या. पण त्या सात मिनिटांत त्यांनीं रक्त तपासावयास लिहून दिलें. बी-१२ जीवनसत्त्व फारच कमी निघालें. आमच्यासारख्या शाकाहारी घरांत ही उणीव नवलाची नव्हे, आणि विस्मरणाचीं जीं थोडीं कारणें औषधानें सुधारतात त्यांत ती आणि थायरॉइडची मंदता हीं दोन मोडतात. इंजेक्शनें सुरू झालीं. चाल सांवरली, दिवसाची गुंगी कमी झाली. आठवण परत आली नाहीं. मूळ आजार आल्झायमरचाच ठरला. त्यावरची डोनेपेझिलची गोळी लक्षणें कांहीं काळ थोडीं सौम्य करते, रोग थांबवीत नाहीं, हें डॉक्टरांनीं स्पष्ट सांगितलें. १४ महिने आधीं आलों असतों तर? आम्हीं विचारलें. "तें सांगतां येणार नाहीं," एवढेंच ते मराठींत बोलले.

कानही तपासले. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या समितीनें २०२४ सालीं स्मृतिभ्रंशाचा धोका वाढविणाऱ्या, पण टाळतां येण्याजोग्या १४ गोष्टी सांगितल्या. त्यांत बहिरेपणा आहे. चाळीस वर्षें मागांच्या भिंतीला पाठ लावून राहिलेल्या बाईचे कान तपासावे, हें भिवंडींत राहून आम्हांस सुचूं नये! कानाचें यंत्र आणलें. दुसऱ्या दिवशीं तें तांदळाच्या डब्यांत सांपडलें. माग पुन्हा इतके ऐकूं येणें त्यांना सोसवलें नसावें.

महाराष्ट्रांत २०१४ सालीं कायदा दुरुस्त होऊन, ठराविक अभ्यासक्रम पुरा करणाऱ्या होमिओपॅथांस आधुनिक औषधें देण्याची मुभा मिळाली, आणि २०२५ सालीं त्यावरून डॉक्टरांत मोठें भांडण झालें. कोणीं कोणतें औषध लिहावें यावर आम्हीं पुष्कळ वाचलें. रोग्याजवळ किती वेळ बसावें यावर एक ओळही आमच्या वाचनांत आली नाहीं.

हल्लीं मातोश्री आम्हांस कधीं बाळ म्हणतात, कधीं भावोजी. ठाण्याचे डॉक्टर त्यांना आठवत नाहींत. पण अधूनमधून पदर सांवरून त्या उठतात आणि विचारतात, "माझ्या माहेरच्या डॉक्टरांकडे कधीं जायचें?" ते वाड्याचेच, असा त्यांचा समज आहे. गेल्या महिन्यांत आम्ही त्यांना घेऊन गेलों. गोळ्या नकोत, फी मात्र घ्या, असें आम्हीं डॉक्टरांना आधींच बाहेर सांगितलें होतें. त्यांनीं मान हलविली, खुर्ची जवळ ओढली, आणि मातोश्रींच्या कानाशीं वांकून विचारलें, "आजी, माहेर कोठलें?"